दाजींचं गाडलेलं झाड

आमच्या दाजींइतका कुजक्या लाकडावर जीव लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. नोकरीभर त्यांनी दूरच्या डोंगरांत वालुकाश्मातलं युरेनियम शोधलं आणि निवृत्त होऊन घर बांधलं ते चिकलठाण्याला, जिथं खोदाल तिथं काळा पाषाण, युरेनियमचं नाव नाही. ही भूक ते माणसांवर भागवतात. पंगतीत शेजारच्याच्या पानात जिलेबी पडली की हे लगेच युरेनियम वाढायला घेतात. अंगणातला पालापाचोळा ताईला झाडू देत नाहीत. "कचरा म्हणू नको त्याला, असल्यावरच खाणी झाल्यात," म्हणतात. त्यांची पाठ फिरली की ताई झाडते.

या ताईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात आम्ही सकाळपासून बसलेलो. दुपारपर्यंत होईल म्हणाले होते; दुपार टळली तरी दार उघडेना. मी सारखा त्या दाराकडे बघत होतो, आणि दाजींनी बाकावरच्या पाचोडच्या एका माणसाला धरलेलं.

"पावसाचं पाणी वाळूच्या दगडात मुरतं. पाण्यात ऑक्सिजन असतो, म्हणून युरेनियम विरघळून मुकाट वाहत राहतं."

"मंग?"

"मंग आडवं येतं गाडलेलं झाड. कुजता कुजता ते सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतं, अन् युरेनियम तिथंच बसतं. झाड नसतं तर पार वाहून गेलं असतं हो!"

तेवढ्यात एक नर्स रक्ताच्या पिशव्या घेऊन धावत आत गेली. दाजींचा आवाज चढला आणि तेच झाड त्यांनी पुन्हा पहिल्यापासून गाडायला घेतलं. माझा पारा चढला. "दाजी, पुरे करा आता!"

पाचोडचा माणूस म्हणाला, "बोलू द्या भाऊ. माझी बी मालकीण आतच हाय. हे गप बसले की लई भ्या वाटतं."

मला रडूच आलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी ताई सुखरूप असल्याचं सांगितलं. दाजींनी नुसते हात जोडले. दुसऱ्या दिवशी ताईनं मला जवळ बोलावलं.

"ह्यांनी कुणाला धरलं व्हतं रं?"

मी सांगितलं.

"शेवटपर्यंत ऐकलं त्यानं?"

"दोनदा."

"मग चहा पाज त्याला."

चहा घेऊन गेलो. त्याच्या बायकोला अजून शुद्ध आली नव्हती. दाजी घरी न जाता त्याच्याजवळच बसले होते.

"मालकीणबाई काय करतात हो तुमच्या?" त्यांनी विचारलं. दाजींनी कुणाला प्रश्न विचारलेला मी जन्मात ऐकला नव्हता.

ती पाचोडच्या बाजारात बांगड्या भरते, लेकीबाळींचा हात दुखू देत नाही, असं काहीबाही तो सांगत राहिला. दाजी एकदाही मध्ये बोलले नाहीत.