अंबाड्याची झडती

"तुमच्यातल्याच बाया हायत ह्या. कुठं काय लपवत्यात, तुला बरूबर ठावं असंल. जा, झडती घे."

फौजदार साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. मी वर्दीत उभी होते. लातुरातलं मुलींचं वसतिगृह, दुपारची वेळ, मेसमध्ये गर्दी. वसतिगृहाच्या मालकीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

डॉक्टर व्हायला आलेल्या मुली तिथं राहून क्लासला जायच्या. एकीची सोन्याची चेन गेली होती. इमारतीत मुली होत्या, त्यांना भेटायला आलेल्या आया होत्या, मालकीणबाईंची सून होती. संशय मात्र दोघींवरच. पोळ्या लाटणारी चाकूरकडची मावशी आणि झाडलोट करणारी शबाना.

मी पारध्याची. ठाण्यात सगळ्यांना ठाऊक. मी चहाला आले की कोणीतरी म्हणायचं, पाकिटं सांभाळा रे. बाकीचे हसायचे. नोकरी नवी होती, मीही हसायचे. पण आज जात हीच माझी ड्यूटी झाली होती. अंगाची आग झाली, तरी "हो साहेब" म्हणाले.

दोघींना कोठीघरात नेलं. दार लावलं. शबाना भिंतीला टेकून रडत होती. मावशी रडली नाही. मी काही बोलायच्या आत तिनं हात मागं नेले आणि अंबाडा सोडला. केस पुढं घेतले, मान खाली घातली आणि उभी राहिली. कोणी न सांगता. म्हणजे हे तिच्या वाट्याला आधीही आलं होतं.

अशी खाली घातलेली मान मी पाहिली होती. माझ्या आईची.

भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. आमची पालं गावाबाहेर माळावर. गावातली दगडामातीची घरं बसली. पालाला काय होणार? आम्ही वाचलो, आणि तोच आमचा गुन्हा ठरला.

आई पहाटेच गावात पळाली. ज्या घरांच्या ओट्यांवर तिला कोणी चढू देत नव्हतं, त्या घरांचे दगड तिनं हातांनी उपसले. नखं गेली तिची. एक म्हातारी तिनं जिवंत बाहेर काढली. मग उरलेलं गाव आमच्याच माळावर येऊन बसलं. दोन दिवसांत बोलवा उठली, मेलेल्यांच्या अंगावरचं सोनं गेलंय. पोलीस आले ते सरळ आमच्या पालावर. बाईपोलीस नव्हती. हवालदारानं आईला सगळ्या गावासमोर उभं केलं. पदर झटकायला लावला. मग अंबाड्याला काठी टेकवून म्हणाला, "सोड."

आईनं केस सोडले. त्यातून माती पडली. गावातल्या भिंतींची पांढरी माती.

"बघा, ढिगाऱ्यावर गेलती," हवालदार म्हणाला. एवढा पुरावा पुरला. आईला गाडीत घातलं. जिला तिनं बाहेर काढलं होतं, ती म्हातारी समोरच बसली होती. ती एक शब्द बोलली नाही. चोरीचं काहीच सापडलं नाही म्हणून आईला सोडलं. घरी आली आणि तिनं कात्रीनं केस कापून टाकले. तेव्हापासून तिच्या डोक्यावर अंबाडा नाही.

"केस बांधा, मावशी," मी म्हणाले. तिला खरं वाटेना. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिनं बांधले.

मी बाहेर आले.

"साहेब, झडती घेते. पण मालकीणबाईंपासून सुरू करते. मग सूनबाई, मग वरच्या मुली, शेवटी ह्या दोघी. न्हाईतर कुणाचीच न्हाई."

मालकीणबाईंचा पदर तोंडावरून खाली आला. साहेब जवळ आले. आवाज हळू केला.

"पारध्याच्या पोरी, वर्दी कुणी दिली तुला?"

"भरतीत धावून मिळवली, साहेब."

माझ्या नकारानं झडती टळली, असं मात्र कोणी समजू नये. दुसऱ्या ठाण्यातून बाईपोलीस बोलावली. तिनं दोघींचे कपडे उतरवले. काही मिळालं नाही. तरी दोघींचं काम गेलं. चेन कोणी घेतली, मला आजही ठाऊक नाही. ह्या दोघींपैकी एकीनं घेतली असती, तरी मी हेच म्हटलं असतं. झडती सगळ्यांची, नाहीतर कोणाचीच नाही.

मला निलंबित केलं. चौकशी लागली. चौकशीचे साहेब बोलायला मऊ. म्हणाले, माफीच्या दोन ओळी लिही, मिटवून टाकतो. मी लिहिल्या नाहीत. आईला फोन केला. नोकरी जाईल का, असं तिनं विचारलं. जाईल, मी म्हणाले. ती म्हणाली, "जाऊ दे. मान खाली घालू नगं."

नोकरी राहिली तर पुढच्या झडतीला मी हजर असेन आणि सुरुवात मालकापासून करीन. गेली तर मावशीला आणि शबानाला घेऊन त्याच ठाण्यात जाईन. टेबलाच्या अलीकडं उभी राहीन आणि फौजदार साहेबांविरुद्धची तक्रार त्यांच्याच ठाण्यात नोंदवायला लावीन. ते टाळतील, उद्या या म्हणतील, कागद दाबून ठेवतील. ठेवू देत. साहेब एक गोष्ट खरी बोलले होते. कुठं काय लपवतात, ते मला बरोबर ठाऊक आहे.