आजींनी पाजलेलं पाणी

मैत्रिणींनो, आज गिरडजवळच्या एका गावात सर्वेक्षणाला गेले होते. एका आजींना विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार होतो, आता तीन. मागच्या महिन्यात बुढा गेला माहा."

मी मोबाइलमध्ये तीन भरले आणि पुढचा प्रश्न विचारला, "शौचालय आहे?"

आजी माझ्याकडे पाहतच राहिल्या. "आहे वं. थकली काय तू, पोरी? पाणी पे आधी."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं म्हणून या कामात आले. कित्येक महिने एकही सुट्टी घेतली नव्हती, त्याचा अभिमानच होता.

पाणी प्यायले. मोबाइल पिशवीत टाकून आजोबांचं नाव विचारलं. आजी बराच वेळ बोलल्या.

संध्याकाळी रजेचा अर्ज पाठवला. कारण लिहिलं, थकले आहे.

तुमचा थकवा आधी कोणाला दिसला?