दिवा वाढवणारे बोरस्ते सर

निफाडच्या रस्त्याला द्राक्षबागांच्या मधोमध दादासाहेबांचं तंत्रनिकेतन उभं होतं, आणि त्या तंत्रनिकेतनात ज्ञानेश बोरस्ते सर कंत्राटी उभे होते. दर जूनमध्ये दादासाहेब त्यांना बोलावून घेत, बसा म्हणायचं विसरत आणि 'तुमची मुदत वाढवली' एवढंच सांगत. सर नमस्कार करून बाहेर येत. कायम करण्याचा विषय निघाला की दादासाहेबांना हमखास फोन येई.

दोन हजार चार साली दादासाहेबांनी पुण्यात कुठल्याशा जेवणावळीत 'एम्बेडेड' हा शब्द ऐकला. परत आल्या आल्या त्यांनी एका रिकाम्या खोलीवर 'एम्बेडेड प्रयोगशाळा' अशी पाटी लावली आणि मग आत काय ठेवायचं याची चौकशी सुरू केली. सरांना म्हणाले, ही लॅब झोकात सुरू करून दाखवा, तुम्ही कायम. फजिती झाली तर मात्र जूनची वाट कशाला पाहायची. सरांनी तोवर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्राच्या पोटात बसून हुकूम पाळणारी चिप, फोटोत पाहिला होता आणि तिला हुकूम लिहायची सी भाषा फोटोतही नाही. पण घरी म्हातारी आई, बायको, दोन पोरं. सर म्हणाले, येतं मला.

मुंबईहून चिप बसवलेले बोर्ड आले, आणि सर आदल्या दिवशी स्वतः शिकलेला धडा दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांना शिकवू लागले. पहिले काही दिवस बोर्डावरचा एलईडी काही केल्या लागेना. शेवटी कळलं की या बोर्डावर शून्य पाठवला की उजेड पडतो आणि एक पाठवला की अंधार. शून्यावर उजेड पाडायची सवय संस्थेत सगळ्या कंत्राटी लोकांना होतीच, त्यामुळे सरांना ते पटकन पटलं. थोडा वेळ थांबायचं असेल तर चिप उगाच आकडे मोजत बसते, हेही त्यांना ऑफिसातल्या कारकुनांकडे पाहून नीट समजलं. अर्धविरामाने मात्र छळलं. एक टिंब-स्वल्पविराम राहिला की संगणक पानभर चुका दाखवी, आणि पोरांसमोर सर म्हणत, हे मी मुद्दाम ठेवलं होतं.

उद्घाटनासाठी त्यांनी एक समई केली. पाच वातींच्या जागी पाच एलईडी, खाली लपवलेला बोर्ड, समोर एक बटण. प्रोग्राममध्ये दोन छोटी फंक्शन होती, एक दिवे लावायचं आणि एक घालवायचं. पहिल्याला सरांनी रोमन अक्षरांत 'दिवा लाव' असं नाव दिलं. दुसऱ्यापाशी हात अडला. त्यांच्या आईच्या, वत्सलाबाईंच्या घरात दिवा कधी विझत नसे, तो वाढत असे. बांगडी फुटत नसे, वाढत असे. झोपताना त्या ट्यूबलाइटसुद्धा वाढवायला सांगत. समईच्या बाबतीत 'विझव' हा शब्द टाइप करायला सरांची बोटं धजेनात. त्यांनी लिहिलं, 'दिवा वाढव'.

उद्घाटनाच्या सकाळी दादासाहेबांना नवीन सुचलं. समई आधीच लागलेली हवी, आणि आपण बटण दाबलं की ज्ञानाचा प्रकाश वाढला पाहिजे. हे करून द्यायला सर जागेवर नव्हते, कारण हार आणायला नाशिकला कंत्राटी माणसालाच पाठवायची पद्धत होती. मग काम ललितकडे आलं. ललित हा दादासाहेबांचा पुतण्या आणि संस्थेचा सचिव. शिक्षण पाचगणीच्या वसतिगृहात, मराठी सुट्टीपुरती. त्याने प्रोग्राम उघडला आणि खूश झाला. प्रकाश वाढवायचं फंक्शन बोरस्तेंनी तयारच ठेवलेलं होतं. सुरू होताच 'दिवा लाव' आणि बटण दाबलं की 'दिवा वाढव', एवढा बदल करून त्याने प्रोग्राम चिपमध्ये भरला. तपासून पाहिलं नाही, कारण काकांची सक्त ताकीद होती की पहिल्यांदा बटण दाबण्याचा मान त्यांचाच.

नारळ वाढवला गेला. पाचही वाती झळकत होत्या. दादासाहेबांनी माईकवर सांगितलं की आता पाहा, आणि बटण दाबलं. पाचही दिवे एकदम गेले. त्यांनी पुन्हा दाबलं, मग अंगठ्याने, मग तळहाताने. समई काळी ती काळीच. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

हार घेऊन धावत आलेल्या सरांनी प्रोग्राम उघडून पाहिला. ललितने लगेच पडद्यावर बोट ठेवलं. नाव बोरस्तेंनीच दिलंय, इथे स्वच्छ 'वाढव' लिहिलंय. सरांनी चाचरत आईचा नेम सांगितला. दादासाहेब गावातच वाढलेले, त्यांना समजावण्याची गरज नव्हती. ते शांतपणे ललितला म्हणाले, "यांनी आपला दिवा वाढवला. तू आता यांची नोकरी वाढव." आणि गाडीत बसले.

सरांना अर्थ कळला. त्यांनी खडू, डस्टर आणि डबा पिशवीत भरला. संध्याकाळी ललितने त्यांना आदेश आणून दिला तेव्हा तो जरा घुश्शातच होता. आईचा तो नेम त्याला दिव्यापुरताच वाटला होता, आणि एवढी फजिती करूनही काका या माणसावर मेहरबान कसे, हे त्याला उमगत नव्हतं. आदेशात लिहिलं होतं की श्री. बोरस्ते यांची नोकरी पुढील जूनपर्यंत वाढवण्यात येत आहे. खाली दादासाहेबांची सही होती. दादासाहेब सही करताना वाचत नसत, आणि केलेली सही चुकली असं आजवर कधी म्हणाले नव्हते. सरांनी ललितचे मनापासून आभार मानले, इतके की तो गोंधळला.

घरी वत्सलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. सर उंबऱ्यातूनच म्हणाले, "आई, नोकरी वाढवली."

म्हातारीच्या हातातली जुडी खाली पडली. डोळ्यांना पदर लागला. सरांनी घाईघाईने तिच्याजवळ बसून सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"मंग राह्यली म्हन की," ती म्हणाली. "वाढवली काय म्हनतो, नोकरी काय दिवा हाय?"

"राहिली," सर म्हणाले. "जूनपर्यंत."