बाभळीच्या रंगाची बाराबंदी

वैशाखाच्या दुपारी सारे बडोदे अंगातला सदरा काढून गारव्याला पडायचे, तेव्हा आमचे मामंजी कपडे चढवायला लागत. तेही दरबारला निघाल्यासारखे. लांब बाह्यांची बाराबंदी, घोट्यापर्यंत विजार, पायांना जुन्या पटक्याच्या पट्ट्या, डोक्याला मुंडासे, मुंडाशाच्या आत एरंडाचे ओले पान आणि गळ्यात भिजवलेले उपरणे. कनवटीला एक कांदा, ऊन लागू नये म्हणून. हा सगळा थाट कशासाठी, तर तरसालीच्या तलावावर गळ टाकून बसण्यासाठी.

मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांची हयात पागेत गेली. पेन्शनीत निघाले, घोडा सुटला आणि हातात गळ आला. वैशाखात तलावाचे पाणी आटते, मासे उरलेल्या डोहात गोळा होतात, म्हणून बसायचे ते उन्हातच, असे त्यांचे शास्त्र होते. तलावावरची बाकीची माणसे लंगोटीवर बसत. त्यांच्या पाठी पाहून मामंजींना खरोखर वाईट वाटे. ते म्हणत, "तडका अंगाला लागायच्या आधी कापडाला लागला पाहिजे." उन्हाला ते तडकाच म्हणत. तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या त्या घराच्या मराठीत गुजराती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे मला साताऱ्याहून आल्यावर वर्षभर कळले नाही.

आमच्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे. सासरेही सुनेला थेट काही सांगत नसत. मामंजींना पाणी हवे असले की ते ओसरीवरच्या खांबाला सांगत, "तांब्याभर पाणी मिळालं तर बरं होईल." मी पाणी आणून खांबापाशी ठेवी. त्या खांबाने आमची इतकी कामे केली की सणावारी त्यालाही कुंकू लावावे, असे मला वाटे. मामंजींना मनातून मी भीत होते. आपले काही चुकले तर ते कोणत्या शब्दांत सांगतील, याची भीती नव्हे. सांगणारच नाहीत, याची.

आणि चूक झालीच. लग्नानंतरच्या पहिल्याच वैशाखात सासूबाई नात्यातल्या एका लग्नाला गेल्या होत्या. खुंटीवर ती बाराबंदी दिसली. चिखलाच्या रंगाची, विटकी, काखेत ठिगळ. नव्या सुनेच्या उत्साहाने मी ती पापडखारात उकळली, आपटआपट आपटली, नीळ दिली आणि वर भाताच्या पेजेची कडक खळ दिली. बाराबंदी बगळ्यासारखी पांढरी झाली. मामंजींनी ती हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि मुकाट्याने अंगात घातली. बाह्या करकर वाजत होत्या. पाच दिवस ते तशीच घालून गेले आणि पाचही दिवस रिकामी टोपली घेऊन आले. "यंदा मासा शहाणा झालाय," एवढेच त्यांनी खांबाला सांगितले.

सासूबाई परतल्या आणि कपाळावर हात मारून खाली बसल्या. काठावर पांढरे काही हलले की मासा खोल जातो, म्हणून मामंजी दरसाल ती बाराबंदी बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत. तो रंग कित्येक वर्षांचा होता. तलावाकाठच्या पटेलांनी तर त्यांना विचारलेही होते, "दाजी, जानमां आव्या छो?" म्हणजे, वऱ्हाडात आलात की काय? मामंजी त्यावर हसले होते. सुनेने धुतली, हे मात्र त्यांनी तिथेही सांगितले नव्हते. मी माजघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी साल आणवली, हंडाभर काढा केला आणि बाराबंदी तीनदा बुडवून तीनदा वाळवली. माझे हात कोपरापर्यंत तांबडे झाले. त्या संध्याकाळी मामंजी हातभर लांबीची मरळ घेऊन आले आणि खांबाला म्हणाले, "ज्यानं रंग दिला, त्याला मधला तुकडा." सुनेने शेवटी बसावे आणि शेपटीकडचे उरेल ते खावे, अशा त्या घरात मी त्या दिवशी मधला तुकडा खाल्ला. तेव्हापासून दर वैशाखात रंग मीच देऊ लागले.

पुढे सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामंजींना तलावावर घेरी आली, पटेलांनी गाडीत घालून घरी आणले. माझे यजमान दरबारच्या कचेरीत होते, स्वभावाने भित्रे. त्यांनी गळ माळ्यावर टाकला आणि पुन्हा तलावाचे नाव काढायचे नाही, असे बजावले. पुढच्या वैशाखात मामंजी ओसरीवर उघड्या अंगाने बसू लागले. मला ते बघवेना. उन्हाने जाण्याआधी हा माणूस असाच बसून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होते.

यजमान फिरतीवर गेलेले पाहून मी माळ्यावरून गळ काढला, टांगा सांगितला आणि मामंजींच्या समोर उभी राहिले. "मामंजी," मी म्हटले, "एरंडाचं पान ओलं करून ठेवलंय." सवयीने त्यांनी आधी खांबाकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग उठून बाराबंदीचे बंद बांधायला लागले. मधले दोन बंद मीच बांधले.

तलावावर ते गळ टाकून बसले आणि त्यांना ऊन लागेल या धास्तीने मी मागे त्यांच्यावर नजर ठेवून बसले. डोक्यावर फक्त पदर होता. थोड्या वेळाने त्यांनी वळून पाहिले, गळ्यातले उपरणे तलावात बुडवले, पिळले आणि उठून माझ्या पदरावर टाकले. "सूनबाई, तडका तुलाही लागतो," ते म्हणाले. इतक्या वर्षांत थेट माझ्याशी बोललेले ते पहिले वाक्य. मासा लागला नाही. आम्ही दोघेही हसतच घरी आलो आणि त्या रात्री ते पोटभर जेवले.

मामंजी भाद्रपदात गेले, साध्या तापाने, आपल्या अंथरुणात. तेराव्यानंतर त्यांचे कपडे वाटून टाकले, तेव्हा यजमानांनी बाराबंदी बाजूला काढली. तिच्या बाहीला तलावाचा सुकलेला चिखल होता. तो त्यांनी नखाने खरवडून पाहिला. "नेलं होतंस ना त्यांना," ते म्हणाले, "बरं केलंस." आणि बाराबंदी माझ्या हातात दिली.

पुढच्या वैशाखात मी ती बाभळीच्या सालीत बुडवली. रंग उतरला नव्हता, तरी बुडवली.