प्रणिता सिस्टरला बसायची ड्यूटी

नेदरलँड्समधल्या डीमन गावात राहणाऱ्या प्रणिता रामटेकेला शांत बसणं जमत नसे. कामठीत वाढलेली ही नर्स ॲमस्टरडॅमजवळच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सीला होती, आणि तिचं चालणं म्हणजे धावणंच. कोविडच्या दुसऱ्या हिवाळ्यात माणसं कमी पडली, तेव्हा मुख्य नर्स मारायकेने इमर्जन्सीच्या नर्सना पाळीपाळीने ऑब्झर्वेशन युनिटला लावलं. पहिलं नाव प्रणिताचं.

"माझं काय चुकलं?" तिने विचारलं.

"काही नाही. तिथे पेशंटकडे बघत बसायचं असतं. तुला अवघड जाईल."

डच माणसं तोंडावर बोलतात, त्याचा राग मानायचा नसतो. प्रणिताने मानला.

युनिटमध्ये शिवाजी भोईटे होते. जवळच्याच बाडहूव्हडॉर्प गावी मुलाकडे आले आणि कोविडमधल्या विमानांच्या गोंधळात अडकले. कंटाळून मुलाची सायकल घेऊन निघाले, तर हँडलला ब्रेकच नाहीत. थांबायला पेडल उलटं मारायचं असतं, हे त्यांना कालव्यात पडल्यावर कळलं. डोक्याला मार बसला होता, म्हणून दिवसभर लक्ष ठेवायचं होतं.

मॉनिटर वाजला की प्रणिता धावत जाई. नखशिखांत झाकलेली बाई अंगावर येताना बघून शिवाजीरावांची छाती धडधडे, नाडीचा आकडा चढे, मॉनिटर पुन्हा वाजे. फाइलवरचं नाव वाचायलाही ती थांबली नव्हती. शेवटी वैतागून पुटपुटली, "काय कटकट आहे बाई या मशीनची!"

शिवाजीराव ताडकन उठून बसले. "तुम्ही मराठी? मग मघापासून इंग्रजीत काय विचारताय?"

"अय्या! काका, आज वार कोणता, एवढंच. डोकं ठिकाणावर आहे का ते बघायचं असतं."

"लॉकडाऊनमध्ये वार कुणाला ठाऊक असतो? तुम्ही सांगा बरं."

प्रणिताने बोटांवर मोजून पाहिलं. लागोपाठच्या ड्यूट्यांत तिलाही आठवेना.

"बसा जरा," शिवाजीराव म्हणाले. "तुम्ही धावलात की वाटतं, आपलं काही खरं नाही."

ती बसली. त्यांनी कालव्यातली बदकं कशी अंगावर आली ते साभिनय सांगितलं. ती हसत सुटली, आणि आकडा उतरला. तेवढ्यात मारायके दारात.

"ऑब्झर्व्ह करतेय," प्रणिता घाईने म्हणाली.

"दिसतंय. छान जमतंय तुला."

संध्याकाळी मुलगा येऊन शिवाजीरावांना घरी घेऊन गेला. मारायकेने पुढच्या आठवड्याच्या सगळ्या ड्यूट्या प्रणिताला तिथेच लावल्या. त्यावर प्रणिता इतक्या मोठ्याने भांडली, की झोपलेले दोन पेशंट जागे झाले.