राणीचं गोंदण

फोटो काढण्याआधी ताहेराबी समोरच्या बाईला नाव विचारत नसे. ती विचारी, "तू कुठल्या गोष्टीतली?"

त्यामागचं कारण साधं होतं. नळदुर्गच्या त्या छोट्या दुकानात सगळा भरवसा उन्हावर. कॅमेऱ्याच्या तोंडावरचं झाकण काढून चार-पाच आकडे मोजेपर्यंत समोरच्या माणसानं हलायचं नाही. पुरुष श्वास रोखून खांबासारखे उभे राहत. बायकांना ते जमत नसे. कुणाला हसू फुटे, कुणाची नजर पदराकडं वळे. पण त्यांना गोष्ट सांगायला लागलं की त्या आपोआप थांबत. शहजादी विहिरीत वाकून बघते इथपर्यंत आलं, की ताहेराबी झाकण काढी.

दुकानाच्या पुढच्या भागात तिचा नवरा शब्बीर पुरुषांचे फोटो काढी. मागच्या अंगणात, चटयांच्या आडोशाला, पडद्यातल्या बायकांसाठी ताहेराबी होती. तिथं पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, फोटो ज्यांवर उमटतो त्या काचा बघायच्या नाहीत, हा शब्द तिनं बायकांना दिला होता आणि शब्बीरनं तो पाळला होता. काच धुण्यापासून कागदावर छाप उठवण्यापर्यंत सगळं तिच्याच हातचं. म्हणून मुसलमान घरांतल्या बायका यायच्या, आणि हळूहळू शेतकऱ्यांच्या बायकाही यायला लागल्या.

अंगणात भिंतीवर रंगवलेला पडदा होता. त्यावर महालाचा जिना, कारंजं आणि एक मोर. मोराची मान रंगाऱ्याला जमली नव्हती; बायका त्याला बदक म्हणत. पत्र्याचा मुकुट होता, मखमलीचा तुकडा होता. कुणी शहजादी व्हायची, कुणी परी. सकाळी शेणाच्या पाट्या वाहिलेल्या बायका दुपारी त्या जिन्यापाशी उभ्या राहत आणि खरंच कुणीतरी वेगळ्या दिसत.

पण ताहेराबीचं खरं नाव झालं ते पेन्सिलीमुळं. काचेवर सगळं उलटं उमटतं, काळे केस पांढरे, उजळ गाल काळा. चेहऱ्यावरचा काळा डाग काचेवर पारदर्शक ठिपका होऊन बसतो. त्यावर राळेचं पाणी लावायचं आणि अणकुचीदार शिसपेन्सिलीनं तो ठिपका इतका हळू भरायचा, की श्वासाचाही धक्का लागू नये. मग कागदावर डाग उठतच नाही. देवीचे वण असलेल्या किती पोरींचे गाल तिनं असे साफ करून दिले होते. ती पेन्सील ठेवायची तेव्हा तिचे डोळे पाण्यानं भरलेले असत, आणि मनात मात्र एक गोड गर्व असे.

सत्तेचाळीस सालच्या शेवटाला रस्त्यांवरची वर्दळ कमी झाली होती. रझाकारांची धास्ती होती, निजामाच्या सरहद्दीपलीकडून येणाऱ्या टोळ्यांचीही होती. तरी पौषात खंडोबाची जत्रा भरली. जत्रेला आलेली धुरपदाबाई आपल्या लेकीला घेऊन ताहेराबीच्या अंगणात शिरली. तामलवाडीची शेतकरीण, बोलायला सडेतोड. लेक अयोध्या बाविसेक वर्षांची. नवऱ्यानं दुसरी केली होती आणि हिला माहेरी आणून सोडलं होतं.

ताहेराबीनं नेहमीचा प्रश्न विचारला. अयोध्या लगेच म्हणाली, "नावडती."

"अगं, दुसरं काय तर सांग," धुरपदाबाई म्हणाली. "त्ये तर घरी हायेसच की."

"तसली न्हाय. शेवटाला राजा जिला परत न्याया येतो, ती."

तिघीही हसल्या. ताहेराबीनं तिला मुकुट घातला, खांद्यावर मखमल टाकली, जिन्यापाशी उभं केलं आणि नावडतीची गोष्ट आपल्या पद्धतीनं, दखनी शब्द मिसळत सांगितली. राजाचा घोडा दाराशी येतो तिथं तिनं झाकण काढलं. अयोध्या इतकी स्थिर राहिली, की ताहेराबी आकडे मोजायचं जवळजवळ विसरलीच.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात ती काच घेऊन बसली. अयोध्याच्या कपाळावर चंद्रकोर गोंदलेली होती, हनुवटीवर तीन ठिपके, डाव्या गालावर एक. काचेवर ते सगळे पारदर्शक दिसत होते. ताहेराबीच्या आजीनं सांगितलेल्या गोष्टींत राण्यांचे चेहरे दुधासारखे असत. तिला कुणी सांगितलं नव्हतं, वेगळे पैसेही ती घेणार नव्हती. पोरीला राजा न्यायला येतो आहे, तर चेहरा तसा असू दे, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं आधी चंद्रकोर भरली, मग ठिपके.

फोटो हातात घेऊन अयोध्या बराच वेळ बघत राहिली. मग हलकंच म्हणाली, "आशी आसते, तर सोडली नसती त्यांनी."

ताहेराबीला ती वाहवा वाटली.

*

आषाढात तामलवाडी निम्मी रिकामी झाली. लोक बैलगाड्या जुंपून सरहद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला निघाले. धुरपदाबाईची गाडीही निघाली. वेशीपाशी अयोध्याला आठवलं, की म्हैस दाव्याला तशीच बांधलेली राहिली. दावं सोडून येते, मागच्या गाडीत बसते, म्हणून ती उतरली. मागच्या गाड्या आल्या. त्यात अयोध्या नव्हती.

हे ताहेराबीला कळलं ते आश्विनात. तोवर नळदुर्गात हिंदुस्थानची फौज येऊन पुढं गेली होती, निजामाचं राज्य संपलं होतं. शब्बीरला चौकशीसाठी नेलं होतं आणि तो अजून परतला नव्हता. दुकानाचा पुढचा भाग फुटला होता. बायकांच्या काचा तेवढ्या शाबूत होत्या, कारण कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून ताहेराबीनं त्या फडक्यांत गुंडाळून ज्वारीच्या कणगीत पुरल्या होत्या.  त्या दिवशी दाराची कडी वाजली तेव्हा तिनं फटीतून पाहिलं, तर धुरपदाबाई. वाळून निम्मी झालेली.

ती अंगणात येऊन बसली, पाणी प्याली. मग कमरेचा बटवा सोडून तिनं फोटो बाहेर काढला. कडा झिजल्या होत्या. मुकुटाच्या जागी कागद चोळवटून पांढरा पडला होता.

श्रावण-भादवा ती छावण्या हिंडली होती. चिंचेच्या झाडांखालच्या एका मोठ्या छावणीत ती नागपंचमीला पोचली, तिथंही दिवसभर फोटो दाखवत फिरली. लोक म्हणायचे, बाई, ही तर नाटकातली. म्हणून ती मुकुटावर अंगठा धरून दाखवायला लागली.

"तरी न्हाय म्हनायचे," धुरपदाबाई म्हणाली. "म्या सांगायचे, गोंदण हाय तिला, कपाळाला, हनुवटीला. ते फोटूकडं बघायचे आन् म्हनायचे, ह्यात तर न्हाय. माझ्या तोंडापरीस त्यांचा कागदावर इस्वास. मग एक दिस मलाच वाटाया लागलं, ही आपली न्हाय."

ताहेराबी फोटोकडं बघत होती. स्वतःच्या हाताचं इतकं सफाईदार काम तिनं कधी असं पाहिलं नव्हतं.

"मी भरलं ते," ती म्हणाली. "राणीचा फोटो म्हणून."

"राणीला गोंदण नसतं व्हय?" धुरपदाबाईचा आवाज चढला नाही. "आमच्या गोष्टीतल्या राणीला असतं. बाई मेली की सोनंनाणं समदं हितंच ऱ्हातं. गोंदण तेवढं संगं जातं. त्येच तुमी काढून घेतलंत."

 ताहेराबी उठली, कणगीपाशी गेली आणि ज्वारीत खांद्यापर्यंत हात घातला. एकेक फडकं बाहेर येऊ लागलं. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यावर तिनं उर्दूत खुणेपुरतं लिहिलेलं असे. शहजादी, अणदूर. परी, जळकोट. सात-आठ काचांनंतर मिळालं ते: नावडती, तामलवाडी.

काच उन्हाकडं धरल्यावर तिचा धीर सुटला. पावसाळ्याच्या ओलीनं कडेचा थर फुगला होता, एका कोपऱ्यात पापुद्रा सुटला होता. पेन्सील पुसायची तर टर्पेंटाइनचा बोळा फिरवायला हवा, आणि बोळा फिरवला तर पापुद्र्याबरोबर सगळा चेहराच निघून यायची भीती. तिनं ते धुरपदाबाईला जसंच्या तसं सांगितलं. गेला तर काहीच उरणार नाही.

"आता तरी काय उरलंय?" धुरपदाबाई म्हणाली. "पुसा."

ताहेराबीनं कापूस बोटाला गुंडाळला. पेन्सिलीनं भरताना ती जेवढी हळू होती, त्याहून हळू तिनं पुसायला घेतलं. आधी गालावरचा ठिपका मोकळा झाला. मग हनुवटीवरचा एक, दुसरा, तिसरा. चंद्रकोरीपाशी पापुद्रा अगदी जवळ होता. तिथं तिनं दोनदा हात मागं घेतला. तिसऱ्यांदा कोर सुटली. तिच्या टोकाशी केसाएवढी भेग पडली, पण चेहरा टिकला.

कागदाचे चार-पाचच तुकडे शिल्लक होते. काच आणि कागद लाकडी चौकटीत आवळून तिनं चौकट उन्हात ठेवली. थोड्या वेळानं मागची झडप अर्धी उघडून ती रंग बघे, तेव्हा धुरपदाबाईही वाकून बघे. कागद आधी गुलाबी झाला, मग तांबूस. डोळे आले, नाकातली मोरणी आली. मग हनुवटीवर काळे तीन ठिपके आले, आणि म्हाताऱ्या बाईनं तोंडात पदर कोंबला.

कागद पाण्यातून निघाला, वाळला. पत्र्याच्या मुकुटाखाली तामलवाडीची अयोध्या उभी होती, मागं बदकाच्या मानेचा मोर. मुकुट खोटा होता, ते आता लगेच कळत होतं.

धुरपदाबाई तो घेऊन गेली. जुना फोटोही तिनं बटव्यात ठेवला.

*

त्यानंतर ताहेराबीनं भिंतीवरचा पडदा काढला. शब्बीर नव्हता, घर चालवायचं होतं, म्हणून तिनं काम सोडलं नाही. "तू कुठल्या गोष्टीतली?" हेही ती विचारत राहिली. फक्त फोटो काढायला आता तीच बायकांच्या घरी जायची. स्वतःला शहजादी म्हणणाऱ्या अजीजाबीचा फोटो तिनं तिच्या जळक्या ओसरीत काढला. शहजादी फुटलेल्या रांजणाशेजारी बसलेली, मांडीवर सुपातली ज्वारी. परीला तिनं डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन बांधावर उभं केलं. अजीजाबी फोटो बघून म्हणाली, "अगं, हे दिसायला आरसा होता की घरात. त्याला फोटोवाली कशाला?" पण फोटो तिनं परत केला नाही. काही बायकांनी मात्र पाठ फिरवली. त्यांना वण नसलेले गाल हवे होते आणि ताहेराबीच्या हाताला आता पेन्सील धरवत नव्हती.

शब्बीर अजून यायचा होता. पुन्हा पौष आला. जत्रा बारीक होती. धुरपदाबाई खंडोबाचा भंडारा कपाळाला लावून आली आणि अंगणात आश्विनात बसली होती तिथंच बसली. ताहेराबीनं चहा ठेवला, तर तिनं नको म्हणून हात हलवला. मग स्वतःच सांगायला लागली.

चिंचेच्या झाडांखालच्या छावणीत ती पुन्हा गेली होती. छावणी उठली होती, पण शेजारच्या गावातली सारजाबाई म्हणून एक बाई होती, जिनं पटकीच्या रोग्यांची सेवा केली होती. रोग्यांचं छप्पर छावणीपासून लांब, ओढ्यापलीकडं होतं. तिकडं कुणाला सोडत नसत. सारजाबाईनं फोटो हातात घेतला, आणि काही न विचारता हनुवटीवरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. हिच्या तोंडात मीच पाणी घातलं, नाव सांगायचीही शुद्ध नव्हती हिला, म्हणाली.

"पहिला फोटूबी तिला दाखवला व्हता म्या, तवा," धुरपदाबाई म्हणाली. "ती ओढ्यावर पानी भराया आली व्हती. न्हाय म्हनली व्हती."

ताहेराबीनं चुलीवरचं आधण खाली उतरवलं. विचारायचं नाही असं ठरवूनही तिच्या तोंडून गेलं, "कधी गेली?"

"राखीपुनवंला."

नागपंचमी ते राखीपौर्णिमा. मधले दहा दिवस त्या दोघींच्या मधे येऊन बसले. कुणीच ते मोजले नाहीत. अंगणाबाहेरून जत्रेला जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत राहिला.

मग धुरपदाबाईनं बटवा उघडला. झिजलेला, मुकुटापाशी पांढरा पडलेला जुना फोटो तिनं ताहेराबीच्या पुढं, शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवला.

"ही तुमची," ती म्हणाली. "माझी माझ्यापाशी हाय."

ती गेल्यावर ताहेराबीनं फोटो उचलला. चेहरा दुधासारखा साफ होता. कितीही वेळ बघितलं तरी कुणाचाच नव्हता. तिनं तो पेन्सिलींच्या डबीत ठेवला, झाकण लावलं आणि कॅमेरा खांद्यावर घेऊन बाहेर पडली. वेशीपाशी एक बाई तिची वाट बघत होती. तिला आपल्या आंधळ्या सासूचा फोटो हवा होता.