आखाजीचं बोलणं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी आमरस-पुरणपोळीनं गाव जड होऊन झोपलं, की तानुबाई निंबाखालच्या झोक्यावर येऊन बसायची. डोळे मिटून उंच जाताना तिला वाटायचं, आपल्याला तोंडच नाही, आपण नुसतं वारं आहोत. पाय जमिनीला लागले की देवीच्या वणांनी भरलेलं ते तोंड परत यायचं.

तिला रावेरला दिलेली. पण आखाजीला ती माहेरी, भडगावजवळच्या गिरणाकाठच्या गावी यायचीच. तिथली रीत अशी, की संध्याकाळी गौराई बोळवायला निघालेल्या दोन्ही थड्यांच्या बाया कोरड्या नदीच्या काठांवरून एकमेकींना गाण्यातून टोमणे मारणार. नर्मदाबाई पलीकडच्या थडीची. तानुबाई नवी नवरी असताना तिनं जोडलं होतं, 'चाळणीतून पडे पीठ, तानुबाईच्या गालातून ऊन.' मग दरसाल तेच. आणि वर शहाणपण काय, तर आखाजीचं बोलणं अंगाला लावून घ्यायचं नसतं! अहो, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तानुबाई सगळ्यांबरोबर हसायची आणि घरी येऊन जात्यापाशी रडायची.

सत्त्याऐंशी सालच्या आखाजीला बातमी आली, नर्मदाबाईला ओठापासून गळ्यापर्यंत कोड फुटलंय. तानुबाईची भावजय कमलबाई, तिनं लगेच ओळ जुळवली.

"अक्का, तूच म्हन," ती म्हणाली. "आज तुना दिवस शे."

तानुबाई थडीवर उभी राहिली. उन्हं उतरली होती. धुळीत समोरच्या बाया तरंगल्यासारख्या दिसत होत्या. खोटं कशाला सांगू, तिला गोड वाटलं. तिनं आवाज लावला, 'नर्मदाबाई दूध प्याली, तोंड पुसायची राहिली.'

अलीकडची थडी खदखदून हसली. पलीकडच्याही फिसकल्या. आणि नर्मदाबाई? तीही हसली, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं. ते हसू तानुबाईच्या चांगलं ओळखीचं होतं.

"पुढं म्हन ना वं," कमलबाई मागून टोचत होती. तानुबाई गाणं अर्धवट टाकून वाळूत उतरली आणि चालतच राहिली. टोमणे चालू असताना आजवर कुणी बाई नदी ओलांडून गेली नव्हती. ती नर्मदाबाईपुढं जाऊन उभी राहिली.

"हसू नको वं बाई," ती म्हणाली. "मीबी अशीच हसत व्हतू."

नर्मदाबाईचं हसू थांबलं. मग दोन्ही थड्यांच्या बायांदेखत ती तानुबाईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि बायांना कुठं बघावं ते कळेना.